चार वाजता लाइन देतो

चुन्नीलाल रहांगडाले या माणसाचा मला पहिली दोन वर्षं नुसता राग यायचा. मी २००३ साली केशोरीत बाजारचौकाजवळ दोन कॉम्प्युटर मांडून नेट सेंटर उघडलं, तेव्हा ते गावच्या टेलिफोन एक्सचेंजचे लाइनमन होते. लाइन बंद पडली की मी तणतणत एक्सचेंजला जायचो, आणि लाइन कधी येणार हे सांगायच्या आधी ती का गेली हे ते मला समजावायला बसायचे. सेंटरवर गिऱ्हाईक खोळंबलेलं आणि हे गृहस्थ जमिनीवर काडीनं रेघा ओढताहेत. वर मलाच ऐकवायचे, "पयले समजून तं घे ना बाप्पा, मंग बोंब मार."

मूळचे ते तिरोड्याकडचे पोवार. घरी धानाची शेती होती, पण ती दोन भावांना पुरेल एवढीच, आणि हे तिसरे. म्हणून टेलिफोन खात्यात खांबावर चढायला लागले. १९९९ मध्ये त्यांची केशोरीला बदली झाली आणि त्याच वर्षी खात्यानं त्यांना तीन आठवड्यांच्या ट्रेनिंगला नागपूरला पाठवलं. तिथं कोणा इंजिनियरनं इंटरनेट कसं चालतं ते शिकवलं. बाकीचे लाइनमन दुपारच्या जेवणावर पेंगत असताना चुन्नीभाऊंनी दोनशे पानी वही भरून काढली. आयुष्यात एकदाच त्यांना कोणीतरी मन लावून काही शिकवलं होतं, आणि ते पुढं कित्येक वर्षं भेटेल त्याला वाटत सुटले.

"फोनवर दोन माणसं बोलतेत, तं त्यायच्यासाठी अख्खी लाइन अडकून राह्यते," ते सांगायचे. "एक जण गप बसला तरी अडकून. कॉम्प्युटर तं घडीभर बोलते अन् घंटाभर गप. त्याच्यासाठी लाइन कोन अडकवून ठेवन? म्हनून निरोपाचे तुकडे केले. हरेक तुकड्यावर नंबर अन् पत्ता. ज्याले जी वाट मोकळी दिसन तिकून तो जाईन."

मग ते अमेरिकेत शिरायचे. तिथं काही लोकांना युद्धाची धास्ती होती. मुख्य एक्सचेंजवर बॉम्ब पडला तर सगळा देश मुका होईल, तेव्हा मुख्य असं काही ठेवूच नये, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या काही लोकांना महागडे कॉम्प्युटर लांबलांबच्या कॉलेजांनी वाटून वापरावेत एवढंच हवं होतं. दोघांच्या गरजा वेगळ्या, पण हाती आलं ते एकच: कोणी मालक नसलेलं जाळं. मधल्या नाक्यांना फक्त पुढचा नाका माहीत असतो, तुकड्यात काय आहे याच्याशी त्यांचं देणंघेणं नसतं. एक वाट तुटली तर दुसरी धरायची. पुढं ज्यानं त्यानं आपापलं छोटं जाळं बांधलं आणि तेवढे दोन-चार नियम पाळायचं कबूल करून मोठ्याला जोडून टाकलं, म्हणून ते एवढं फोफावलं. मी नेट विकून पोट भरणारा माणूस, पण हे सगळं मला त्यांच्याकडूनच कळलं.

एकदा चहाच्या टपरीवर त्यांनी हे करून दाखवायचं ठरवलं. जुन्या कॅलेंडरचं पान फाडून आठ तुकडे केले. त्यांची मुलगी भूमेश्वरी तेव्हा सहावी-सातवीत असेल; तिनं सुबक अक्षरात प्रत्येकावर नंबर आणि 'रुख्माबाई, रस्त्यावरचं शेवटचं घर' असा पत्ता घातला. टपरीवरच्या आठ रिकामटेकड्यांना एकेक तुकडा देऊन, जमेल त्या गल्लीनं जा, म्हणून पिटाळलं. सात पोचले. पाच नंबरचा मुन्नालाल वाटेत पत्ते कुटायला बसला होता. रुख्माबाईला आधीच पढवून ठेवलं होतं, तिनं बरोबर निरोप धाडला की पाच नंबर आला नाही, परत पाठवा. इथवर सगळं झकास झालं. मग तिनं तुकडे उलटले, तर मागं लक्ष्मीचं चित्र.

"देवीचे तुकडे कायले केले रे, चुन्नीलाल?" म्हणत म्हातारी काठी घेऊन टपरीवर आली. चुन्नीभाऊंनी मान खाली घालून खळ करून आणली आणि देवी जोडून दिली. भूमेश्वरी हसून हसून लोटपोट झाली होती. त्या दिवशी माझा राग गेला.

भूमेश्वरी हे त्यांचं एकुलतं अपत्य. बाप बोलायला लागला की बाकीचे काढता पाय घ्यायचे, ही मात्र ऐकत बसायची. घरात त्यांची पोवारी बोली चालायची. ती मला नीट लिहिता येत नाही, म्हणून त्यांचं बोलणं मी आमच्या गावच्या बोलीत देतो आहे. बारावीला तिला केशोरीच्या मानानं फार चांगले मार्क पडले आणि तिनं नर्सिंगला जायचं ठरवलं. तिची आई सुशिलाबाई राजी नव्हती. तिरोड्याकडचं एक स्थळ वर्षभर थांबलं होतं. शेवटी नवरा-बायकोत असं ठरलं, आणि ते पोरीलाही सांगितलं गेलं, की यंदा नंबर लागला तर पाहुण्यांना नाही म्हणायचं; नाही लागला तर येत्या उन्हाळ्यात लग्न. दुसरं साल मिळणार नव्हतं.

आता एका दगडाचं सांगितलं पाहिजे.

केशोरीला नेट यायचं ते अर्जुनीहून, जमिनीखाली पुरलेल्या काचेच्या तंतूंच्या केबलमधून. वाट ही एकच. दुसरी वडशाकडून जंगलातून यायची होती, म्हणजे गोल पूर्ण झाला असता आणि एक तुटली तरी दुसरीनं काम भागलं असतं. तो गोल कागदावर होता. जगभरच्या जाळ्याच्या गप्पा मारणारे चुन्नीभाऊ प्रत्यक्षात एकाच दोरीला लटकलेलं गाव सांभाळत होते, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

केबलच्या वर ठरावीक अंतरानं रस्त्याच्या कडेला पांढरा दगड रोवलेला असतो. खाली केबल आहे, इथं खणू नका, एवढंच तो सांगतो. त्यातला एक रुख्माबाईच्या घरासमोर होता. २००७ साली तिचा नातू तापानं फणफणला होता, तेव्हा तिनं येता-जाता त्या दगडाला हात जोडले आणि पोरगा उठून बसला. दगडाला शेंदूर लागला. आमच्याकडं शिवेवरच्या दगडाला देव व्हायला फार वेळ लागत नाही. आखाडीच्या सणाला गावातल्या चार बाया म्हणाल्या, देव नालीच्या काठाला बरा दिसत नाही. चार गड्यांनी तो उपटला आणि रस्त्याच्या पलीकडं मोहाच्या झाडाखाली ओटा बांधून बसवला.

चुन्नीभाऊ पहार घेऊन तो परत आणायला गेले. मी सोबत होतो. रुख्माबाई नातवाला पुढ्यात बसवून अगरबत्ती लावत होती. आम्हाला बघून तिनं प्रसादाचं खोबरं दिलं. चुन्नीभाऊंनी ते खाल्लं आणि पहार खांद्यावर टाकून माघारी फिरले.

"मले नाई जमत, योगराज," ते म्हणाले. "नवा दगड मागवतो."

नवा दगड मागवला, तो आला नाही. आठवडी बाजारातून एखादा दगड आणून, चुना फासून ते स्वतः रोवू शकले असते. आज लावतो, उद्या लावतो, असं करत तीन वर्षं गेली. केबल कुठून जाते ते आपल्याला तर ठाऊक आहे ना, असं त्यांना वाटत असावं.

२०१० च्या जुलैत रस्त्याची नाली रुंद करायचं काम निघालं. ठेकेदाराच्या माणसानं बघितलं, दगड मोहाच्या झाडाखाली, म्हणजे केबल त्या बाजूला. भला माणूस होता, मुद्दाम केबल वाचवायची म्हणून त्यानं खोदायचं मशीन अलीकडच्या बाजूला लावलं. सकाळी सव्वादहाला केबल तुटली.

तो नर्सिंगच्या पसंती ऑनलाइन भरायचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचला फॉर्म बंद होणार होते. शेवटचा दिवस का गाठला, तर आदल्या दिवशी दुपारी जातीचा दाखला हातात आला होता. माझ्या सेंटरवर सकाळपासून बारा-तेरा पोरी रांगेत होत्या, भूमेश्वरी त्यांच्यात. नेट गेलं, त्यासरशी मोबाइलही मुके झाले, कारण टॉवरही त्याच केबलवर होता.

अर्जुनी तासाभराच्या वाटेवर, आणि तिथं लाइन चालू होती. बाराच्या सुमारास कोणाच्या तरी बापानं जीप ठरवली. पोरी भराभर चढल्या. भूमेश्वरी एक पाय पायरीवर ठेवून थांबली आणि मला म्हणाली, "दादा, बाबूजीले विचारून येऊ. जीपवाला दहा मिनिटं थांबतो म्हनते."

मी तिला मोटारसायकलवर बसवून शिवेवर नेलं. चुन्नीभाऊ गुडघाभर पाण्यात होते. धान रोवण्याचे दिवस, दोन्ही बाजूंच्या शेतातल्या बांध्या पाण्यानं भरलेल्या, ते पाणी खड्ड्यात झिरपत होतं. तुटका भाग त्यांनी उघडा केला होता. काचेचे तंतू जोडायचं मशीन गोंदियाहून निघालं होतं.

"बाबूजी, जीप जाऊन राहिली अर्जुनीले. जाऊ का?"

त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "कायले? चार वाजता लाइन देतो मी. पाचपर्यंत तुया फॉर्म आरामात होते."

"पन नाई झाली तं?"

"म्या म्हटलं ना, चार वाजता देतो."

ती माझ्याकडं वळली. मी काही बोललो नाही. मी बोलायला हवं होतं. पण चुन्नीभाऊंचा शब्द आजवर खोटा पडलेला नव्हता, आणि सगळी जीप भरून गेली की माझं सेंटर रिकामं होतं, हेही माझ्या डोक्यात होतं. हे लिहिताना लाज वाटते. आम्ही परतलो तेव्हा जीप गेली होती म्हणावं तर तसंही नाही. ती उभी होती. भूमेश्वरीनंच हात हलवून तिला जायला सांगितलं.

जोडायचं मशीन दोनला आलं, तेव्हा मीही परत खड्ड्यावर गेलो होतो. हे काम केसाहून बारीक तंतूंचं. प्रत्येक तंतू सोलायचा, स्पिरिटनं पुसायचा, टोक सरळ कापायचं आणि मशीनमध्ये वितळवून दुसऱ्याला जोडायचा. तिथं धूळ चालत नाही आणि पाण्याचा थेंबही चालत नाही. चुन्नीभाऊंनी रस्त्याच्या कडेला ताडपत्रीचा तंबू करून बारा तंतू एकही न बिघडवता जोडले. चारला दहा मिनिटं कमी असताना शेवटचा जोडला.

तंतूंमधून उजेड आला नाही; लाइन बंदच.

केबल खोदायच्या मशीनच्या दातात अडकून ओढली जाते तेव्हा कधी कधी ती दोन जागी तुटते. एक जिथं दात लागला तिथं, आणि दुसरी पुढं कुठंतरी जमिनीखाली, वरून न दिसणारी. म्हणून काम सुरू करायच्या आधी दोन्ही टोकांनी मापून बघायचं असतं. एक यंत्र असतं, ते उजेड सोडून सांगतं की इतक्या मीटरवर तुटलं आहे. केशोरीच्या टोकानं मापलं असतं तर आकडा कमी आला असता आणि लगेच कळलं असतं. चुन्नीभाऊ हे नव्या पोरांना घसा फोडून शिकवायचे. त्या दिवशी त्यांनी मापलं नाही. कुठं तुटलं हे त्यांना बातमी कानावर आली त्या क्षणीच कळलं होतं. दगड जिथं नव्हता तिथंच.

साडेचारला त्यांनी मापलं. दुसरी तूट अडीचशे मीटर गावाकडं होती. ते उभे राहिले, घड्याळात पाहिलं आणि मला म्हणाले, "अर्जुनीले गाडीनं किती वेळ लागते?" त्यांना ठाऊक होतं किती लागतो. 

लाइन पावणेसातला आली. भूमेश्वरी तोवर माझ्या सेंटरवर बसून होती. तिनं ती साइट उघडली, मुदत संपल्याची ओळ वाचली, कॉम्प्युटर नीट बंद केला आणि घरी गेली.

जीपनं गेलेल्यांपैकी तिघींचे नंबर लागले. तिघींचेही मार्क भूमेश्वरीपेक्षा कमी होते. मे महिन्यात तिचं लग्न झालं. माणसं चांगली होती, अजूनही आहेत. नवरा तिच्याकडून अहो-जाहो करवून घेणारा नव्हता की हात उचलणारा नव्हता. सकाळी गोठा, मग शेत, मग स्वैपाक, आणि वर्षातून दोनदा माहेर. कोणावर रागवावं तर समोर कोणी नव्हतं, आणि मला वाटतं, ते तिला जास्त जड गेलं.

चुन्नीभाऊंनी खात्याला लिहून दिलं की दगड हलवलेला मला माहीत होता, चूक माझी. ठेकेदाराला वाचवलं, रुख्माबाईचं तर नावही येऊ दिलं नाही. खात्यानं एक ताकीद देऊन प्रकरण मिटवलं. मात्र घरी त्यांनी दगडाचा शब्द काढला नाही. घरी ते एवढंच म्हणायचे की केबल दोन जागी तुटली होती, ते कोणाच्या हातात नव्हतं. मला त्यांनी हात जोडून सांगितलं, "योगराज, पोरीले कळू नोको देऊ." मी कबूल झालो. त्यानंतर त्यांनी कोणालाही इंटरनेट समजावलं नाही. टपरीवर कोणी मुद्दाम छेडलं तरी चहा संपवून उठायचे.

२०१३ मध्ये वडशाकडची केबल आली आणि गोल पूर्ण झाला. एक दिवस दुपारी ते सेंटरवर येऊन बसले. पोरं कॉम्प्युटरवर निकाल बघत होती, फॉर्म भरत होती.

"चालू आहे?" त्यांनी विचारलं.

"मस्त चालू आहे. काऊन?"

"अर्जुनीची केबल सकाळी नऊलेच तुटली. जुन्याच जाग्यापासून थोडी पुढं." ते बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. "कोनालेच नाई समजलं, नाई?"

"नाही, चुन्नीभाऊ."

"असंच पाह्यजे होतं," ते म्हणाले आणि उठून केबल जोडायला गेले. मला त्या वेळी त्यांच्यासाठी रडू आलं, हे मी कोणाला सांगितलं नाही.

ते २०१५ मध्ये निवृत्त झाले आणि वर्षभरात फुप्फुसाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले. गोंदियाच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी भेटायला गेलो तेव्हा भूमेश्वरी पायथ्याशी स्टुलावर बसली होती. बालाघाटकडची एक नर्स आली, चुन्नीभाऊंच्या हातातली सलाइनची सुई बदलून गेली, जाताना पट्टीवर तारीख टाकून गेली. भूमेश्वरी सगळा वेळ तिच्या बोटांकडं बघत होती. चुन्नीभाऊ भूमेश्वरीकडं बघत होते.

नर्स गेल्यावर ती म्हणाली, "बाबूजी, एक विचारू? त्या दिवशी मी जीपमधी गेली असती तं?"

मी ती दोन जागी तुटलेली केबल ऐकायच्या तयारीनं बसलो. सहा वर्षं तेच ऐकत आलो होतो. चुन्नीभाऊंनी तोंडावरची ऑक्सिजनची नळी बाजूला केली.

"पोचली असती," ते म्हणाले. "दोन वाजता फॉर्म भरून झाला असता तुया."

तिनं स्टूल उशाशी ओढलं.

"ते केबल माया चुकीनं तुटली होती. दगड हलवला होता, मले माहीत होतं. म्हनून ते मलेच जोडाची होती, कोनाले कळाच्या आत. तू खड्ड्यावर आली, तवा म्या तुयाकडं पाह्यलंच नाई. तुया फॉर्म माया ध्यानातच नोयता, बेटा."

एवढं बोलून त्यांना धाप लागली. तिनं नळी परत बसवली, उशी सरळ केली, तोंड पुसलं. तिचे हात नर्सपेक्षा हलके होते. मला वाटलं, आता ती रडेल किंवा चिडेल.

"हे तवाच सांगतलं असतं तं बरं झालं असतं," ती हळू म्हणाली. "जीपवाला थांबला होता. म्याच त्याले जा म्हटलं. सहा वर्षं म्या सोतालेच दोष देऊन राहिली, का एक पाय वर ठेवला होता, दुसरा कायले नाई ठेवला."

चुन्नीभाऊंनी डोळे मिटून घेतले. औषधाची चिठ्ठी खाटेवर पडली होती, ती उचलून भूमेश्वरी खाली मेडिकलमध्ये गेली.